घरातील वृद्धांचे नैराश्य कसे ओळखावे

खान्देशातील वृद्ध माणूस ‘मी उदास आहे’ असे सहसा म्हणत नाही. डोके जड आहे, पोट साफ होत नाही, किंवा अहिराणीत ‘कसामाच जीव लागत नही’ एवढेच तो सांगतो. चीनमधील हुनान प्रांतात ‘मज्जातंतूंचा अशक्तपणा’ असे निदान झालेल्या १०० रुग्णांना अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी तपासले, तेव्हा त्यांपैकी ८७ जणांना नैराश्य असल्याचे दिसले. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातील सर्वच रुग्ण वृद्ध नव्हते, तरी दुखण्याच्या आडून मन सांगण्याची ही रीत आपल्याही ओट्यावर ओळखीची आहे.

त्यामुळे ‘दुःखी आहात का’ असे न विचारता दिनक्रमाविषयी विचारावे: पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही का, पारावर जाणे का थांबले, नातवंडांत मन रमते का. असा बदल दोन आठवडे टिकला, तर डॉक्टरांकडे न्यावे. वृद्धांसाठीच्या नैराश्य मापनश्रेणीत ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा उत्तरांचे १५ प्रश्न असतात आणि पाचपेक्षा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी करतात. त्यांतला एक प्रश्न, बाहेर जाण्यापेक्षा घरी राहणे आवडते का, हा मे महिन्यात जळगावात विचारण्यात अर्थ नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना तरुणही ‘हो’च म्हणेल. म्हणून उत्तर ऐकताना ऋतू आणि गुडघेदुखी दोन्ही लक्षात घ्यावीत.

थायरॉईड आणि बी-१२ यांची तपासणी करून घ्यावी, तसेच चालू असलेल्या सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. कानांकडे तर आवर्जून पाहावे, कारण ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणे सोडतो आणि घरचे त्याला तऱ्हेवाईक ठरवतात. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे त्या मध्येच बंद करू नयेत.

‘आता देवाने न्यावे’ हे वाक्य वयाचे बोलणे म्हणून सोडून देऊ नये. मरावेसे वाटते का, हे शांतपणे आणि स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. कापसाची किंवा केळीची फवारणीची औषधे घरात असतील, तर ती त्याच दिवशी कुलपात ठेवावीत, किल्ली दुसऱ्याकडे द्यावी आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीतही बोलता येते. तोवर त्यांना घरात एकटे ठेवू नये.