शाळेतल्या मुलांना नाचाचे बेसिक्स कसे शिकवायचे, गाणं सगळ्यात शेवटी

गॅदरिंगची तारीख लागली की बहुतेक शाळांत एकच प्रकार सुरू होतो, मोबाईलवर गाणं शोधायचं, त्यातल्या स्टेप्स बघायच्या आणि महिनाभर त्याच घोटून घ्यायच्या. मुलं नाचतात, टाळ्याही पडतात, पण पुढच्या वर्षी गाणं बदललं की परत पहिल्यापासून, कारण कुठल्या ओळीला हात कुठे न्यायचा एवढंच पाठ झालेलं असतं. मला अगदी मनापासून वाटतं की आपल्या कोकणातल्या मुलांवर हा अन्याय आहे, कारण जाखडीचा लोकनाच, नमनाचं लोकनाट्य, शिमग्याची पालखी, गौरीच्या फुगड्या हे सगळं बघत ती मोठी होतात, नाच त्यांच्या अंगात असतोच, फक्त आपण काय करतोय हे त्यांना कुणी फोड करून दाखवलेलं नसतं.

ती फोड पाच भागांत करायची. शरीर, हालचाल, जागा, वेळ आणि जोर. बऱ्याच देशांत शाळेत नाच शिकवताना हेच पाच भाग धरतात. पाचवी ते आठवीच्या वर्गाला हे छान जमतं आणि शिकवणाऱ्याला स्वतःला नाचता आलंच पाहिजे असं काही नाही.

आधी जमीन बघा. जांभ्याच्या अंगणात अनवाणी नाचवलं तर तळवे सोलवटतात, आणि पावसाळ्यात तिथे शेवाळ धरतं ते वेगळंच. सारवलेलं खळं किंवा वर्गाची कोरडी फरशी बरी, बाकं भिंतीला लावून घ्या. फरशी किंवा काँक्रीट असेल तर उड्या कमी ठेवा आणि खाली येताना गुडघे वाकलेच पाहिजेत हे पहिल्याच दिवशी सांगा. पायात मोजे नकोत, घसरतात. मान, खांदे, कंबर, घोटे फिरवून अंग थोडं गरम झालं की सुरू करायचं.

शरीर. भरताच्या नाट्यशास्त्रात सहा अंगं सांगितलीत, डोकं, हात, छाती, कुशी, कंबर आणि पाय, शिवाय डोळे, भुवया, नाक, ओठ, गाल, हनुवटी ही उपांगं वेगळी. ही यादी फळ्यावर लिहा आणि एकेक अंग घ्या, म्हणजे तुम्ही 'डोकं' म्हणालात की फक्त डोकं हलणार, बाकी सगळं स्तब्ध. ऐकायला सोपं वाटतं पण कुशी म्हटल्यावर अर्धा वर्ग कंबर हलवतो, तेव्हा घाई करू नका, हात बरगडीवर ठेवून शोधू द्या त्यांना.

इथेच काही मुलगे मागे भिंतीला टेकून उभे राहतात, आम्ही नाय नाचत म्हणतात. त्यांना पालखी कशी नाचवतात ते दाखवायला सांगा. दोघं पुढे दोघं मागे, मध्ये लांब बांबू खांद्यावर. गुडघे आपोआप सैल होतात, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं, पाठ ताठ राहते, आणि हे चौघं एकमेकांकडे न बघता एकाच वेळी वाकतात. बाकीच्यांना विचारा, आत्ता वजन कुठल्या पायावर होतं? वजन बदलणं हे नाचातलं सगळ्यात मोठं काम आहे आणि या पोरांना ते आधीच येत असतं.

हालचाल. दोन प्रकार सांगायचे, जागेवरची आणि जागा सोडणारी. वाकणं, ताणणं, पिळणं, झुलणं हे जागेवर, चालणं, धावणं, उडी, सरकणं हे जागा सोडून. मग गावातली कामं घ्या. भाताची लावणी करताना कमरेत वाकून मागे मागे सरकत जातात, त्यात दोन्ही प्रकार आले. काम जसंच्या तसं करून दाखवणं ही झाली नक्कल, त्यापुढे मुलांना म्हणा की हेच आता फक्त हाताने करा, हेच दुप्पट मोठं करा, हेच झोपून करा. इथून नाच सुरू होतो.

जागा. यात पातळी, दिशा आणि वाट एवढं पुरे. पातळी म्हणजे जमिनीलगत, मधली आणि वरची. वाट खडूने जमिनीवर काढा, गोल, नागमोडी, कोपऱ्यातून कोपऱ्यात, आणि मुलांना त्यावरून चालवा. जाखडीत गाणारे-वाजवणारे मध्ये बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती गोल धरतात, ते सगळ्यांनी बघितलेलं असतं, तर तोच गोल धरून विचारा की आत तोंड करून फिरलो तर कसं वाटतं आणि बाहेर तोंड केलं तर? स्टेजवर हाच गोल अर्धा उघडावा लागतो, नाहीतर प्रेक्षकांना नुसत्या पाठी दिसतात.

वेळ. गाणं अजूनही लावायचं नाही. टाळ्या पुरतात, मृदंग किंवा ढोलकी वाजवणारा कुणी पालक मिळाला तर सोनंच. केरवा या तालाच्या ८ मात्रा, म्हणजे ठोके, तोंडाने म्हणा, धा गे न ती, न क धिं न, आणि मात्रेला एक पाऊल. जमलं की पहिल्या आणि पाचव्या मात्रेलाच पाऊल, मग फक्त पहिल्या. मधल्या रिकाम्या मात्रा मनात मोजणं हीच खरी मेहनत, तिथे मुलं पळतात. नंतर दादरा ताल घ्या, ६ मात्रा, धा धी ना, धा ती ना. तीन-तीनचा झोका आला की अंग आपोआप डुलायला लागतं, ते मुलांनाच ओळखू द्या. तीच आठ पावलं आधी सावकाश, मग दुप्पट लयीत, आणि अधूनमधून 'थांब' म्हणा. थांबणं पण नाचातच मोजायचं.

जोर. हा भाग बहुतेक ठिकाणी शिकवतच नाहीत आणि म्हणून तर दहा मुलं एकच स्टेप करूनही नाच सपाट दिसतो. किनाऱ्यावरच्या मुलांना एक प्रश्न पुरतो, रापण (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं) ओढणं आणि पाग (एकट्याने फेकायचं जाळं) टाकणं यात फरक काय? रापण ओढताना टाचा वाळूत रुततात, अंग मागे कलतं, जोर एकसारखा लागून राहतो, सगळे मिळून हळूहळू मागे येतात. पाग टाकताना उलट, जाळं हातावर पेलून माणूस कमरेतून वळतो आणि एका झटक्यात सोडतो, मग हात मोकळे. दोरी, जाळं काही न घेता हे दोन्ही करून घ्या, पोटात, मांडीत कुठे ताण येतो ते विचारा. रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) या नृत्य-अभ्यासकाने १९४० च्या दशकात इंग्लंडमधल्या कारखान्यांत कामगारांच्या हालचाली बघून त्यातलं वजन, वेळ, दिशा आणि ओघ यांचा असाच अभ्यास केला होता, म्हणजे कामातून नाच शिकवणं यात कमीपणा काही नाही. नमन बघणाऱ्या मुलांसाठी त्यातल्या संकासुराच्या सोंगाची जोरकस चाल आणि गवळणीची हलकी चाल ही जोडी पण मस्त चालते.

पाचही झाले की चार-पाच जणांचे गट करा. अट एवढीच: १६ मात्रा, तीन हालचाली, एकदा पातळी बदलायची, एकदा थांबायचं, आणि एक हालचाल जोरकस तर एक हलकी. पंधरा-वीस मिनिटं द्या आणि मध्ये पडू नका, भांडतील थोडी, भांडू दे. मग एक गट नाचेल, बाकीचे बघून सांगतील. 'छान होतं' चालणार नाही, 'दुसऱ्या आठात सगळे खाली गेले पण जोर बदलला नाही' असं सांगायला लावा. ज्याच्या पायाला त्रास आहे त्याला खुर्चीवर बसून तीच अट द्या, हात, मान, छाती वापरून ती पूर्ण करता येते.

यानंतर गाणं निवडा, आणि निवडताना मुलांनाच विचारा की त्यांनी बसवलेल्या १६ मात्रा त्यात कुठे बसतात. उरलेल्या जागा तुम्ही भरा.