जुन्या ट्रकच्या सहा सिलिंडरला मोठा कार्बोरेटर बसवण्याआधी

शेवरलेच्या 235 घनइंची इंजिनावर एकच नळीचा कार्ब असतो, तोही मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना मिश्रण वाटणाऱ्या नळकांड्याच्या) मधोमध. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरला पेट्रोल-हवेचं मिश्रण सहज मिळतं, पहिल्या आणि सहाव्याला लांबून. म्हणून आधी सहाही स्पार्क प्लग काढून ओळीने फडक्यावर मांडा. मधले काळपट (पेट्रोल जास्त) आणि टोकाचे पांढुरके (पेट्रोल कमी) दिसले, तर दोष बहुधा मिश्रणाच्या वाटपाचा आहे. (मात्र टोकाकडून हवा गळत नाही ना, तेही बघा.) अशा वेळी मध्येच मोठा कार्ब ठोकून फारसं साधत नाही, दोन छोटे कार्ब घेणारा मॅनिफोल्डच हवा.

आकाराचा मोह आवरा. हे इंजिन 4000 फेऱ्यांना मिनिटाला साधारण 220 घनफूट हवा ओढतं, बस्स. व्ही-एटचा भला थोरला कार्ब लावलात, तर कमी फेऱ्यांवर हवेचा वेग पडतो आणि गाडी उचल घेताना अडखळते.

दोन कार्ब लावलेत तर रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दोन्हींची फुसफुस सारखी करा. गोव्यात आपण समुद्रसपाटीला आहोत, त्यामुळे निरोगी इंजिनाचा व्हॅक्यूम (मॅनिफोल्डमधली ओढ) आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, गेजवर 17 ते 21 इंच पारा, काटा स्थिर. काटा थरथरला तर जेट (कार्बमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) बदलू नका, आधी गॅस्केट तपासा.

आणि जुन्या रबरी पेट्रोल-नळ्या बदलाच. इथेनॉलच्या पेट्रोलने त्या आतून सुटतात, काळा चुरा थेट कार्बमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या नीडलखाली अडकतो. शेवटची चाचणी फोंड्याच्या सपाट रस्त्यावर नको. चोर्ला घाटात, दुसऱ्या गिअरवर घ्या.