स्टिरॉइडचे थेंब आणि डोळ्यातील दाब : काय पाहावे, केव्हा मोजावे

पावसाळ्यात डोळे आले, झोडणीच्या वेळी भाताचे कुसळ डोळ्यात गेले किंवा चिरेखाणीच्या धुळीने चुरचुर सुरू झाली, की कोकणातील पुष्कळ गावांत पहिली धाव नाक्यावरच्या मेडिकलकडे असते. तेथून आणलेल्या थेंबांत स्टिरॉइड असेल तर लाली दोन दिवसांत ओसरते आणि माणूस निर्धास्त होतो. मात्र अशा थेंबांनी डोळ्यातील दाब हळूहळू वाढत असताना बहुधा दुखत नाही, नजरही बराच काळ ठीक वाटते, त्यामुळे आराम पडला म्हणजे सारे सुरळीत आहे, असे धरून चालता येत नाही.

म्हणून आधी बाटलीवरील घटकांची ओळ वाचावी. अक्षरे फार बारीक असतात. मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहावा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांनी दाब अधिक वाढतो. फ्लुओरोमेथोलोन व लोटेप्रेडनॉल यांनी तुलनेने कमी, पण वाढतच नाही असे नाही. प्रतिजैविकाच्या जोडीला स्टिरॉइड मिसळलेले थेंब सर्रास मिळतात, तेव्हा पहिलेच नाव वाचून थांबू नये. कुसळ किंवा काडी लागली असेल, तर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो व स्टिरॉइडने तो बळावतो. असे थेंब डॉक्टरांनी डोळा तपासल्याशिवाय घालूच नयेत.

दाब वाढतो तो असा. डोळ्यात सतत तयार होणारा द्रव पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि परितारिका (त्यामागचा रंगीत पडदा) यांच्या कोनातील सूक्ष्म जाळीतून बाहेर झिरपतो. स्टिरॉइडचा रेणू या जाळीच्या पेशींत शिरून एका ग्राही प्रथिनाला चिकटतो आणि ही जोडी केंद्रकात जाऊन डीएनएवरील ठरावीक जागी बसते. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो; जोडीमागोमाग येणारी विकरे (एन्झाइम) हिस्टोनवर अ‍ॅसिटिल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे चढवतात, तेथील गुंडाळी सैल होते, आणि एरवी मंद असलेली जनुके जोमाने वाचली जाऊ लागतात. काही जागी डीएनएवरील मिथाइल नावाच्या रासायनिक खुणाही बदलतात. जनुकांचा मूळ मजकूर तोच राहतो, कोणता भाग किती वाचायचा एवढेच बदलते. यालाच एपिजेनेटिक बदल म्हणतात. परिणामी मायोसिलिन, फायब्रोनेक्टिन, कोलॅजन ही प्रथिने वाढतात, पेशींचा सांगाडा ताठर होतो, कचरा गिळण्याची त्यांची क्षमता घटते, आणि खारबंदिस्तीची उघाडी गाळाने भरावी तशी जाळी तुंबते. (मायोसिलिनच्या जनुकातील दोष काही घराण्यांतील काचबिंदूला, म्हणजे बहुधा वाढलेल्या दाबाने डोळ्याची नस खराब होण्याच्या आजाराला, कारण ठरतो, हे १९९७ मध्ये दाखवून देण्यात आले.)

पेशींतील ही उलथापालथ एका रात्रीत होत नाही, आणि मोजणीचे वेळापत्रक त्यावरच बेतलेले असते. थेंब दोन आठवड्यांहून अधिक चालणार असतील तर सुरुवातीला, मग दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, पुन्हा चार ते सहा आठवड्यांनी दाब मोजून घ्यावा. पुढेही थेंब चालू राहिल्यास डॉक्टर सांगतील त्या अंतराने. तपासणी काही मिनिटांची असते. साधारण दाब १० ते २१ मिमी पारा धरतात. मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब गावी आल्यावर महिनोन्‌महिने तसेच घातले जातात, आणि दाब मात्र मोजला जात नाही, हे विशेषतः चाकरमान्यांच्या घरांत घडते. वहीत थेंबाचे नाव, सुरू केल्याची तारीख आणि दोन्ही डोळ्यांचा दाब लिहून ठेवावा. रत्नागिरीच्या किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नव्या डॉक्टरांसमोर तीच उपयोगी पडते.

घरात आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असल्यास, मोठा उणे नंबर किंवा मधुमेह असल्यास, तसेच रुग्ण लहान मूल असल्यास अधिक जपावे. अ‍ॅलर्जीने सतत डोळे चोळणाऱ्या मुलाला मागच्या वर्षीची बाटली पुन्हा कधीही घालू नये. पापण्यांजवळ लावलेले बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलचे मलम, दम्याचा पंप, सांध्यातील इंजेक्शन, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या हेही डोळ्याच्या डॉक्टरांना सांगावे.

दाब वाढलेला आढळला, तरी औषध परस्पर बंद करू नये. बरेच दिवस घेतलेल्या गोळ्या एकदम थांबवणे जिवावर बेतू शकते. थेंब बंद केल्यावर बहुतेकांचा दाब काही आठवड्यांत उतरतो, दीर्घकाळ वापरानंतर मात्र तो चढलेलाच राहू शकतो. डॉक्टर सौम्य स्टिरॉइड देतील किंवा टिमोलॉलसारखे दाब उतरवणारे थेंब जोडतील; टिमोलॉल दम्याच्या रुग्णाला चालत नाही, तेव्हा दमा असल्यास तो आधीच सांगावा.