डॅकमधून येणारा आवाज तुटत असेल तर बिघाड कसा शोधावा

मोबाइल किंवा लॅपटॉपला बाहेरचा डॅक (डिजिटल ध्वनीचे हेडफोन किंवा ॲम्प्लिफायरला लागणाऱ्या अ‍ॅनालॉग संकेतात रूपांतर करणारे उपकरण) जोडून उच्च दर्जाचे संगीत ऐकताना आवाज तुटू लागला, की पहिला संशय डॅकवरच घेतला जातो. माझ्या अनुभवात मात्र दोष बहुधा डॅकच्या आधीच्या एखाद्या दुव्यात, म्हणजे इंटरनेट, केबल किंवा सेटिंगमध्ये असतो. म्हणून नवे काही विकत घेण्यापूर्वी तो दुवा शोधावा आणि शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

तपासणीसाठी तानपुऱ्याचे सलग ध्वनिमुद्रण घ्यावे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे तानपुरे किती काळजीने लावलेले असत, हे आपल्याकडच्या श्रोत्यांना वेगळे सांगायला नको. तबल्याच्या बोलांत जी बारीक 'टक्' लपून जाते, ती तानपुऱ्याच्या अखंड नादात लगेच उघडी पडते.

आवाज काही सेकंद पूर्ण थांबून पुन्हा सुरू होत असेल, तर कारण बहुतेक वेळा इंटरनेटचे असते. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ९६ हजार नमुने घेतलेल्या) स्टिरिओ ध्वनीला मूळ स्वरूपात सेकंदाला सुमारे ४.६ मेगाबिट आणि १९२ किलोहर्ट्झला सुमारे ९.२ मेगाबिट लागतात. फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता फाइल लहान करणाऱ्या स्वरूपात, हा भार बराच कमी होतो, तरीही तो सातत्याने मिळावा लागतो. तेच गाणे डाउनलोड करून, वायफाय बंद ठेवून वाजवावे. दोष नाहीसा झाला, तर डॅक निर्दोष आहे. खानापूरकडच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या घरांत ५ गिगाहर्ट्झचा वायफाय पलीकडच्या खोलीत फारच क्षीण होतो; तेथे राउटर त्याच खोलीत आणावा किंवा लॅपटॉपला सरळ लॅन केबल जोडावी.

आवाज न थांबता मध्येच बारीक 'टक्' ऐकू येत असेल, तर यूएसबीच्या बाजूकडे वळावे. काही केबल केवळ चार्जिंगच्या असतात आणि त्यांवर डॅक ओळखलाच जात नाही. ढिल्या केबलवर तो ओळखला जातो, पण अधूनमधून सुटतो. हब काढून डॅक थेट लॅपटॉपला जोडावा, डॅकच्या ड्रायव्हरच्या सेटिंगमधील बफर (ध्वनीचा आगाऊ साठा) वाढवावा आणि वीज वाचवण्यासाठी यूएसबी उपकरण झोपवणारा विंडोजमधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करावा. मोबाइलवरून चालणारा डॅक वीजही मोबाइलकडूनच घेतो, त्यामुळे ती अपुरी पडत असल्यास वेगळ्या चार्जिंगची सोय असलेला ओटीजी अडॅप्टर (मोबाइलला यूएसबी उपकरण जोडण्याचा जोड) वापरून पाहावा.

आवाज स्वच्छ आहे, पण डॅकच्या पडद्यावर प्रत्येक गाण्याला ४८ (किलोहर्ट्झ) हाच आकडा दिसतो, ही तक्रार वेगळी आहे. सगळ्या ॲपचे आवाज एकत्र करणारा अँड्रॉइडचा नेहमीचा मिक्सर सहसा सगळा ध्वनी एकाच दरावर आणून पुढे पाठवतो. त्यासाठी यूएसबीला थेट ध्वनी देणारे ॲप हवे. अँड्रॉइड १४ पासून प्रणालीतच बिट-परफेक्ट, म्हणजे ध्वनीत काहीही बदल न करता तो पुढे देणाऱ्या मार्गाची सोय आली, परंतु फोन आणि ॲप या दोघांचाही तिला आधार असावा लागतो. विंडोजमध्ये मिक्सर टाळणारा वासापी एक्सक्लुसिव्ह मोड प्लेअरमध्ये निवडावा, आणि मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये गाण्याचाच दर ठेवावा. ब्लूटूथने जोडणी असेल, तर हा सारा खटाटोप व्यर्थ आहे, कारण एलडॅक या ब्लूटूथवरून उच्च दर्जाचा ध्वनी पाठवण्याच्या पद्धतीचीही कमाल गती सेकंदाला ९९० किलोबिट, म्हणजे साध्या सीडीच्या १४११ किलोबिटपेक्षाही कमी आहे.

शेवटी घुमणाऱ्या आवाजाविषयी. पावसाळ्यात वीज वारंवार जाते आणि घर इन्व्हर्टरवर येते. स्क्वेअर वेव्ह प्रकारच्या इन्व्हर्टरवर चार्जरमधून येणारी भणभण स्पष्ट ऐकू येऊ शकते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावे. घुमणे थांबले, तर लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डवर घ्यावेत. तरीही ते राहिले, आणि लॅपटॉपला किंवा वापरत असलेल्या प्लेअरला ऑप्टिकल आउटपुट असेल, तर ऑप्टिकल केबलने विद्युत संबंध तोडावा, मात्र त्या मार्गाने ९६ किलोहर्ट्झच्या वर भरवसा धरू नये. काही जण घुमणे थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. तसे कधीही करू नये, कारण त्यात जिवाला धोका आहे.