अँटी-टीपीओचा आकडा बघून गोळी ठरवू नका

रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर मामेबहिणीचा रिपोर्ट आला. खाली प्रश्न : ‘ताई, अँटी-टीपीओ ६४० आलाय, ३४ च्या आत पाहिजे म्हणे. वीसपट वाढलाय गं थायरॉईड!’ त्याच कागदावर, वरच्या ओळीत, टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन; ग्रंथी मंदावली की ते वाढतं) होता २.८, म्हणजे नॉर्मल. म्हणजे ग्रंथीचं काम व्यवस्थित चाललं होतं. पण त्या आकड्यापुढे ठळक ‘हाय’ छापलेलं नव्हतं, म्हणून तिने तो बघितलाच नाही.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ग्रंथी किती काम करतेय ते टीएसएच आणि फ्री टी४ (ग्रंथी स्वतः बनवते ते हार्मोन) वरून कळतं. अँटीबॉडीवरून कळतं ते एवढंच, की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीला परकी समजायला लागली आहे. टीपीओ हे थायरॉईडचं हार्मोन तयार करणारं एन्झाइम, आणि अँटी-टीपीओ ही त्याच्याविरुद्धची अँटीबॉडी. ग्रंथीची खरी नासधूस मुख्यतः लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी करतात. जपानी डॉक्टर हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये चार बायकांच्या गलगंडात याच पेशींची गर्दी पाहिली होती; म्हणून या आजाराला ‘हाशिमोतो’च म्हणतात. अशा रुग्णांच्या रक्तातल्या अँटीबॉडीचा शोध लागायला १९५६ उजाडलं. आईची अँटी-टीपीओ वारेतून बाळापर्यंत पोचते, तरी बाळाची ग्रंथी सहसा नीट चालते. यावरून ही अँटीबॉडी स्वतः किती ‘गुन्हेगार’ आहे याचा अंदाज यावा.

म्हणून ६४० म्हणजे ६४ पेक्षा दहापट आजार, हा हिशेब सोडून द्या. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे २२ टक्के प्रौढ अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह निघाले, तर हायपोथायरॉईडिझम, म्हणजे ग्रंथीचं काम मंदावणं (थोडक्यात ‘हायपो’), सुमारे ११ टक्क्यांना होता. हायपो असलेले सगळेच्या सगळे पॉझिटिव्ह धरले, तरी पॉझिटिव्हपैकी निम्म्यांना हायपो नव्हताच.

पण म्हणून रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकून विसरायचा, ही दुसऱ्या टोकाची चूक. इंग्लंडमधल्या व्हिकम इथल्या लोकांचा वीस वर्षं पाठपुरावा झाला. ज्या बायकांचा टीएसएच नॉर्मल पण अँटीबॉडी पॉझिटिव्ह होती, त्यांच्यात दरवर्षी शंभरातल्या साधारण दोघी हायपोकडे गेल्या. दोन्ही वाढलेलं असेल, तर चारहून थोड्या जास्त. तेव्हा वर्षातून एकदा टीएसएच करायचा. मधेच खूप थकवा, बद्धकोष्ठता, पाळीत बदल जाणवला तर त्याआधीच.

बाळाचा विचार चालू असेल, तर मात्र वर्षभर थांबू नका. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आहे हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. दिवस राहिल्यावर निम्मे महिने होईपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच बघतात. आणि खरी फसगत बाळंतपणानंतर होते. गरोदरपणाच्या सुरुवातीला पॉझिटिव्ह असलेल्या बायकांपैकी तिघींत एकीला, काही पाहण्यांत तर निम्म्या जणींना, प्रसूतीनंतरच्या वर्षात थायरॉईडला सूज येते. आधी काही आठवडे छातीत धडधड, चिडचिड. मग गळून गेल्यासारखं. घरचे म्हणतात, ‘जागरणं आहेत गं, होतं असं.’ होतंही. पण टीएसएच करून घ्यायला काय हरकत आहे?

आता बायोटिन. थायरॉईडवाल्यांचे केस गळतात, केसांसाठी बायोटिन या व्हिटॅमिनची गोळी सुरू होते आणि पुढचा रिपोर्ट भलतंच काही सांगतो. काही यंत्रांच्या तपासणी पद्धतीत बायोटिन वापरलेलं असतं. रक्तातलं जास्तीचं बायोटिन त्यात ढवळाढवळ करतं : टीएसएच खोटा कमी, टी४ आणि टी३ खोटे जास्त आणि कधी अँटीबॉडीही खोटी पॉझिटिव्ह. कागदावर हुबेहूब ग्रेव्हज (ग्रंथी अति काम करते तो आजार), माणूस धडधाकट. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा. डोस मोठा असेल, तर किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारा. आणि घेत असाल तर लॅबमध्येही सांगा. तिथे आपणहून सहसा कुणी विचारत नाही.

अँटी-टीपीओ दर तीन महिन्यांनी मोजणं हा माझ्या मते पैशांचा निव्वळ चुराडा. एका लॅबची मर्यादा ९, दुसरीची ३४, त्यामुळे आकडे एकमेकांशी लावताच येत नाहीत. शिवाय थायरॉईड हार्मोनच्या गोळीचा डोस त्यावर ठरतही नाही, टीएसएचवर ठरतो. तोही डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी बघायचा. सेलेनियमने काहींचा अँटीबॉडीचा आकडा उतरतो हे खरं, पण ग्रंथी सुधारते असं सिद्ध झालेलं नाही.

उलटीही चूक होते : टीएसएच १४, फ्री टी४ कमी, पण अँटीबॉडी निगेटिव्ह, म्हणून गोळी नको. हाशिमोतोच्या काही रुग्णांत अँटीबॉडी सापडतच नाही. काम मंदावलंय ना? मग उपचार हवेत.

या सगळ्याला एक अपवाद : टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडी, रिपोर्टवर ‘टीआरएबी’. ही नुसती साक्षीदार नसते. ग्रंथीच्या ज्या बटणावर टीएसएचचं बोट असायला हवं, तेच ही दाबून धरते आणि हार्मोन वाढत राहतं. हाच ग्रेव्हज. इथे आकड्याला किंमत आहे. ग्रंथीचं काम कमी करणारं औषध, कार्बिमाझोल, कधी थांबवायचं हे ठरवताना तो बघतात. ग्रेव्हजसाठी ग्रंथी काढून टाकलेली असली, तरी गरोदरपणी ही तपासणी चुकवू नका, कारण अँटीबॉडी रक्तात उरलेली असू शकते आणि ती बाळाची ग्रंथी भडकवू शकते.

मामेबहिणीने दुसऱ्या दिवशी फोन केला. गोळी नाही, हे पटलं होतं. पण घरातलं आयोडीनयुक्त मीठ बंद करून सैंधव आणलं होतं आणि कोबी-फ्लॉवरला बंदी घातली होती. मीठ नेहमीचंच ठेव म्हटलं. जपायचं ते आयोडीनचे थेंब, समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल असल्या जास्तीच्या आयोडीनपासून.

‘आणि कोबी?’

‘शिजवून खा.’