एकच संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष कुठे शोधावा

बाकी सगळी संकेतस्थळे व्यवस्थित उघडत असताना एखादेच अडून बसते, तेव्हा राउटर बंद-चालू करत राहण्याने सहसा काही साधत नाही. जोडणीच तुटली असती, तर बाकीचीही उघडली नसती. अशा वेळी दोष संकेतस्थळाच्या सर्व्हरमध्ये आहे, आपल्या उपकरणात आहे की इंटरनेट सेवा पुरवठादाराच्या जाळ्यात आहे, हे आधी ठरवावे. मोबाइलचे वाय-फाय बंद करून ते संकेतस्थळ मोबाइल डेटावर उघडून पाहावे. तिथेही उघडले नाही, तर बहुधा सर्व्हरच बंद असतो आणि वाट पाहण्यापलीकडे आपल्या हाती फारसे काही नसते. डेटावर उघडले, तर त्याच मोबाइलवर वाय-फाय लावून पुन्हा पाहावे. वाय-फायवर अडले, तर संशय राउटर किंवा पुरवठादारावर जातो. वाय-फायवरही उघडले आणि फक्त संगणकावर अडत असेल, तर ब्राउझरची एक्स्टेंशन्स, अँटीव्हायरस, व्हीपीएन आणि संगणकाचे घड्याळ तपासावे, कारण तारीख चुकली तरी सुरक्षा प्रमाणपत्र नाकारले जाते. मोबाइल डेटा आणि घरची जोडणी एकाच कंपनीची असेल, तर या चाचणीवर पूर्ण विसंबू नये.

पडद्यावर उमटणारा संदेश बहुतेक जण न वाचताच बंद करतात. वास्तविक निदानाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. संदेशात ‘डीएनएस’ (DNS) किंवा ‘एनएक्सडोमेन’ (NXDOMAIN) असे शब्द असतील, तर संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, शोधण्याची पायरीच फसलेली असते. संगणकाच्या कमांड खिडकीत ‘एनएसलुकअप’ (nslookup) ही आज्ञा संकेतस्थळाच्या नावासह द्यावी आणि नंतर तीच आज्ञा शेवटी १.१.१.१ किंवा ८.८.८.८ हा सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचा पत्ता जोडून पुन्हा द्यावी. दोन उत्तरांतले पत्ते वेगळे आले, एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही, कारण मोठी संकेतस्थळे ठिकाणानुसार वेगवेगळे पत्ते देतात. पुरवठादाराच्या डीएनएसकडून उत्तरच येत नसेल किंवा १२७.०.०.१ असा निरर्थक पत्ता येत असेल आणि सार्वजनिक सर्व्हर मात्र नीट उत्तर देत असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदलावा, संगणकातील जुनी डीएनएस नोंद पुसावी आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा.

४०३ सारखा क्रमांक दिसला, तर बहुधा आपली विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली असून त्याने ती नाकारलेली असते. अनेक पुरवठादार शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. त्यांपैकी कोणी गैरवापर केला की संकेतस्थळ तो पत्ताच रोखते आणि बाकीच्यांनाही त्याचा फटका बसतो. राउटरच्या माहितीपानावर इंटरनेट बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपणही अशा सामायिक पत्त्यामागे आहोत असे समजावे आणि पुरवठादाराकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा. क्रमांक ४५१ असेल, तर अडवणूक कायदेशीर कारणासाठी आहे आणि तांत्रिक दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे पान उघडू लागते, टॅबवर चक्र फिरत राहते आणि शेवटी वेळ संपल्याचा संदेश येतो. याचे एक कारण पॅकेटच्या, म्हणजे माहिती ज्या तुकड्यांत पाठवली जाते त्यांच्या, आकारात असते आणि तिकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. इथरनेटवर एका पॅकेटची कमाल मर्यादा साधारणपणे १५०० बाइट असते. पीपीपीओई (वापरनाव आणि पासवर्ड देऊन जोडण्याच्या) पद्धतीच्या जोडणीत ८ बाइट शीर्षकात जातात आणि १४९२ उरतात. मोठे पॅकेट वाटेत अडले, तर ‘आकार कमी करा’ अशी सूचना परत यायला हवी. पण एखाद्या फायरवॉलने ती सूचनाच गिळली, तर सर्व्हर तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. विंडोजमध्ये पॅकेटचे तुकडे न करण्याची अट घालून १४६४ बाइटचा पिंग, म्हणजे उत्तर मागणारे चाचणी पॅकेट, पाठवावा. शीर्षकाचे २८ बाइट मिळवले की १४९२ होतात. तो जात नसेल आणि लहान आकाराचा जात असेल, तर राउटरमधील एमटीयूचा (पॅकेटच्या कमाल आकाराचा) आकडा टप्प्याटप्प्याने खाली आणावा. आकडा बदलूनही फरक पडला नाही, तर आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) तात्पुरते बंद करून पाहावे, कारण पुरवठादाराचा तो मार्ग बिघडलेला असला तरी लक्षणे अशीच दिसतात.

एवढे करूनही अडले, तर ‘ट्रेसर्ट’ (tracert) आज्ञेने पॅकेट कोणकोणत्या राउटरमधून जाते तो मार्ग तपासावा. मधल्या ओळींत तारांकने दिसली म्हणून लगेच दोष काढू नये. कित्येक राउटर अशा चौकशीला उत्तरच देत नाहीत. मार्ग अखेरपर्यंत न पोहोचता एका ठिकाणापासून पुढे कायमचा थांबत असेल, तरच ती ओळ महत्त्वाची ठरते.

तक्रार ‘साइट चालत नाही’ एवढीच केली, तर ग्राहक सेवेतून राउटर बंद-चालू करण्याचाच सल्ला मिळेल. संकेतस्थळाचे नाव, बिघाडाची वेळ, पडद्यावरील संदेशाचे चित्र, आपला सार्वजनिक पत्ता, दोन्ही डीएनएस उत्तरे, ट्रेसर्टचा निकाल आणि दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर ते उघडते ही नोंद लेखी पाठवावी, आणि तक्रार नेटवर्क विभागाकडे वर्ग करावी अशी मागणी स्पष्ट शब्दांत करून तिचा क्रमांक घ्यावा.