पडद्याच्या डॉक्टरकडे जाण्याआधी: नव्या इंजेक्शनचा मेसेज आला की करायची तयारी

आईच्या डोळ्यांच्या क्लिनिककडून महिन्या-दोन महिन्यांनी व्हॉट्सॲपवर मेसेज येतो. कधी नवं मशीन बसवल्याचा, कधी डोळ्याच्या पडद्यासाठी नवं इंजेक्शन आल्याचा. मेसेज आला की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘हे आईला चालेल का गं?’ त्याचं उत्तर मेसेजमध्ये कधीच नसतं. ते आईच्या फाइलमध्ये असतं, म्हणून तयारीही फाइलपासूनच सुरू करायची.

फाइलमध्ये सगळ्यात जपून ठेवायचा कागद म्हणजे पहिला ओसीटी, म्हणजे प्रकाशाने काढलेला पडद्याच्या थरांचा स्कॅन. मधुमेहामुळे पडद्याला सूज आली असेल तर ती ओसीटीवर अगदी उघड दिसते. निरोगी पडद्याच्या मधोमध छोटासा खळगा असतो. सूज आली की खळग्याच्या जागी टेकडी उभी राहते आणि तिच्या पोटात पाण्याचे काळे कप्पे दिसतात. शेजारी मधल्या भागाची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, छापलेली असते. तो आकडा आणि त्या दिवशीची नजर, म्हणजे 6/12, 6/18 जे असेल ते (खालचा आकडा जितका मोठा तितकं कमी दिसतं), प्रत्येक भेटीनंतर एका वहीत तारखेसह उतरवून ठेवा. उजवा डोळा, डावा डोळा वेगवेगळा. क्लिनिक बदललं असेल तर कुठल्या कंपनीच्या मशीनवर ओसीटी काढला तेही लिहा. वेगवेगळी मशीन जाडी वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात, त्यामुळे एकीकडचे 310 आणि दुसरीकडचे 340 यांची थेट तुलना होत नाही. आम्ही हे न कळल्यामुळे एकदा आठवडाभर विनाकारण काळजीत काढला होता.

वहीत इंजेक्शनांचाही हिशेब हवा. कोणतं औषध, कोणत्या डोळ्यात, किती तारखेला. औषधाच्या खोक्यावर बॅच नंबर आणि एक्स्पायरीचं स्टिकर असतं, ते फाइलमध्ये चिकटवून द्यायला सांगा. मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

आता नव्या औषधाबद्दल. नवं म्हणजे जास्त जोरदार, असा आपला समज असतो आणि तिथेच गल्लत होते. या इंजेक्शनांचं मूळ काम सारखंच आहे. पडद्यातल्या गळक्या रक्तवाहिन्यांना चिथावणारं व्हीईजीएफ नावाचं प्रथिन ती अडवतात, पाझर थांबतो, सूज उतरते. बिव्हॅसिझुमॅब मुळात आतड्याच्या कॅन्सरसाठी आलं, त्याचेच छोटे डोस करून डोळ्यात देतात आणि ते सगळ्यात स्वस्त पडतं. रॅनिबिझुमॅबची भारतात तयार झालेली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती, आवृत्ती 2015 पासून मिळते. ॲफ्लिबरसेप्ट त्याहून महाग. या तिघांची समोरासमोर तुलना करणारा मोठा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीची नजर बरी असेल तर पहिल्या वर्षात तिन्ही औषधं जवळपास सारखीच ठरली. नजर 6/15 किंवा त्याहून कमी असेल तेव्हा मात्र ॲफ्लिबरसेप्टने जास्त सुधारणा दिली. आईची नजर वहीत का लिहून ठेवायची, त्याचं एक कारण हे.

अलीकडे ज्यांची चर्चा आहे त्यातलं फॅरिसिमॅब अमेरिकेत 2022 च्या जानेवारीत मंजूर झालं आणि ॲफ्लिबरसेप्टचा 8 मिलिग्रॅमचा मोठा डोस 2023 च्या ऑगस्टमध्ये. त्यांचा मोठा फायदा अंतराचा आहे. सुरुवातीचे महिन्या-महिन्याचे डोस झाल्यावर काही पेशंटना पुढचं इंजेक्शन 16 आठवड्यांपर्यंत लांबवता येतं. विक्रोळी-कांजूरहून दर महिन्याला दादर गाठणाऱ्या घराला ही फार मोठी गोष्ट आहे, मी ती कमी लेखत नाही. पण आईचा पडदा आताच्या औषधावर आठ आठवडे कोरडा, म्हणजे सुजेविना, राहत असेल तर घाईने बदलण्याची गरज नसते. म्हणून डॉक्टरांना ‘नवीन चांगलं का?’ असं विचारू नका. ‘आताच्या औषधावर सूज किती आठवड्यांनी परत येते, आणि बदललं तर ते अंतर वाढेल का?’ असं विचारा. या प्रश्नाला आमच्या डॉक्टरांनी खुर्ची वळवून स्क्रीनवर आईचे चार ओसीटी एकाखाली एक लावून दाखवले होते.

डोळ्याच्या डॉक्टरांना शुगरच्या डॉक्टरांकडचे कागद लागतात, ते बहुतेक जण घरीच ठेवून येतात. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा एचबीएवनसी, बीपीच्या नोंदी, किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन आणि लघवीतून प्रथिनं जातात का याचा रिपोर्ट बरोबर घ्या. ज्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा मार बसलाय त्यांची किडनीही तपासावी लागते, आणि बीपी चढं राहिलं तर इंजेक्शनांना साथ मिळत नाही. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्याच पिशवीत टाका, म्हणजे नावं चुकत नाहीत. त्यात पायोग्लिटाझोन असेल तर आवर्जून दाखवा, कारण त्याने अंगात पाणी साठतं आणि पडद्याची सूजही वाढू शकते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांगा, पण आपल्या मनाने बंद करून येऊ नका. गेल्या काही महिन्यांत हार्ट अटॅक किंवा लकवा येऊन गेला असेल तर ते सगळ्यात आधी सांगायचं.

आणखी एक गोष्ट सध्या फार महत्त्वाची झाली आहे. वजन आणि शुगर उतरवणारी आठवड्याची इंजेक्शनं आता ओळखीतल्या बऱ्याच जणांना चालू आहेत. माऊंजारो आपल्याकडे 2025 च्या मार्चमध्ये आलं, वेगोव्ही जूनमध्ये. ही औषधं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण बराच काळ चढी असलेली शुगर झपाट्याने खाली आली की पडद्याचा आजार सुरुवातीला काही काळ बिघडू शकतो, हे डॉक्टरांना जुन्या काळच्या इन्सुलिनच्या अभ्यासांपासून माहीत आहे. सेमाग्लुटाइडच्या, म्हणजे वेगोव्हीतल्या औषधाच्या, 2016 च्या एका मोठ्या चाचणीतही पडद्याच्या तक्रारी जास्त दिसल्या होत्या. तेव्हा असं इंजेक्शन सुरू करण्याआधी पडदा तपासून घ्या, आणि सुरू झालं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांपासून लपवू नका.

पैशांचं काम आदल्या आठवड्यात. आरोग्य विमा असेल तर पॉलिसीत डोळ्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांचा उल्लेख शोधा. विमा नियामकाने 2019 मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी दिली त्यात ही इंजेक्शनं आहेत. मात्र कंपनी त्यावर रकमेची मर्यादा घालू शकते, आणि क्लिनिक पॉलिसीतल्या डे-केअरच्या, म्हणजे रात्री न राहता होणाऱ्या उपचारांच्या, व्याख्येत बसतं का तेही पाहावं लागतं. टीपीएची, म्हणजे विमा कंपनीतर्फे दावे बघणाऱ्या संस्थेची, मंजुरी आधी घ्या. इंजेक्शनच्या सकाळी काउंटरवर उभं राहून फोन करत बसलं की आईचं बीपी तिथेच वर जातं.

प्रत्यक्ष त्या दिवशी भेटीची वेळ साडेअकराच्या पुढची मागा. सकाळची गर्दी ओसरलेली असते आणि पाचच्या आत परतीची लोकल मिळते. बाहुली मोठी करायचे ड्रॉप घातल्यावर अर्धा-पाऊण तास बसावं लागतं आणि पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं. पेशंटने एकट्याने जाऊ नये ते यासाठीच. दादरच्या पुलाच्या पायऱ्या उतरताना आईला पायरीची कड दिसत नाही. ती माझ्या दंडाला धरते, मी प्रत्येक पायरीला ‘हं’ म्हणते, शेवटच्या पायरीला ‘संपली’. काळा गॉगल पिशवीत हवाच. नेहमीचं खाऊन, नेहमीची गोळी घेऊन निघा. हाताच्या शिरेतून रंग (डाय) देऊन पडद्याचे फोटो काढणार असतील तर उपाशी यायचं का ते आदल्या दिवशी फोनवर विचारा. त्या डायने अंग आणि लघवी दिवसभर पिवळी होते, घाबरायचं कारण नाही.

रांजणवाडी आली असेल, डोळे आले असतील, ताप असेल, तर निघण्याआधीच कळवा. डोळ्याला संसर्ग असताना इंजेक्शन देत नाहीत. काजळ नको, केस आदल्या दिवशी धुऊन घ्या, कारण नंतर दोन-चार दिवस डोक्यावरून पाणी घेता येत नाही.

इंजेक्शनची भीती कमी करायला एकच उपाय आहे, काय होणार ते आधी सांगून ठेवणं. बधिर करणारे ड्रॉप, मग जंतू मारायला बिटाडिनचे तपकिरी थेंब, ते थोडे चुरचुरतात. चेहऱ्यावर हिरवं कापड, पापण्या उघड्या धरणारी छोटी क्लिप. सुई बारीक असते आणि बुबुळात जात नाही, पांढऱ्या भागातून जाते. औषध जेमतेम एका थेंबाएवढं. पहिल्या वेळी बाहेर आल्यावर आई म्हणाली, ‘खाली काळा मणी घरंगळतोय बघ.’ तो हवेचा बुडबुडा होता, दुसऱ्या दिवशी गेला. पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल डाग दिसला तरी तो आठ-पंधरा दिवसांत विरतो. पण दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, लाली वाढली, उजेड सहन होईना, दिसणं कमी झालं, तर सकाळची वाट पाहू नका. डोळ्याच्या आत संसर्ग झाल्याची ती लक्षणं असतात. असं क्वचित होतं, पण झालं तर तासांचा प्रश्न असतो. म्हणून क्लिनिकमधून निघण्याआधी रात्री उचलला जाणारा फोन नंबर मागून घ्या.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या गडबडीत आईची तारीख टळली. मग गौरी, मग माझ्या परीक्षकाच्या कामाचे दिवस, मग ‘आता दिवाळीनंतर जाऊ’. सहा आठवड्यांचे चौदा झाले. आईला काही दुखत नव्हतं, पडद्याची सूज दुखत नाही. ओसीटीवर 298 चे 431 झाले होते, आणि नजर 6/12 वरून 6/24 वर. पुढच्या तीन इंजेक्शनांनी सूज उतरली, पण नजर 6/18 च्या वर आली नाही. आई पोथी वाचायची, आता मी वाचून दाखवते. माझ्याकडून झालेली ही चूक कुठल्याही नव्या औषधाने भरून निघालेली नाही.

तेव्हापासून पुढची तारीख मी रिसेप्शनवरच उभी राहून ठरवते. त्या आठवड्यात सण, लग्न, कुणाचं बारसं येतंय का ते फोनवर बघून, येत असेल तर तारीख दोन दिवस अलीकडे घेते, पलीकडे कधीच नाही. घरी आल्यावर आई स्वतः स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल पेनने गोल करते. अक्षर आता मोठं काढते, आणि गोलाच्या आत कोणता डोळा तेही लिहिते.